देवाचे भय आणि संत फ्रान्सिस डी सेल्स

दृढीकरण संस्काराची तयारी करणारी आपली मुले पवित्र आत्म्याची सात वरदाने तोंडपाठ म्हणतात. सुज्ञता, आकलन, सल्ला, धैर्य, ज्ञान, धार्मिकता ही सहा भराभर म्हणून होतात आणि मग सातवे येते: देवाचे भय. एखादे चौकस मूल येथे अडते आणि विचारते, भय हे वरदान कसे? वरदान म्हटले की ते हवेहवेसे वाटावे. विंचवाचे भय, परीक्षेचे भय, आजाराचे भय यांतून सुटका व्हावी म्हणून तर आपण देवाकडे धाव घेतो. मग देव स्वतःच भयाची देणगी का देतो?

प्रश्न मुलाचा असला तरी तो पोरकट नाही. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यालाही तो पडतो. नीतिसूत्रांच्या पुस्तकात परमेश्वराच्या भयाला शहाणपणाचा आरंभ म्हटले आहे. संत योहान मात्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की, पूर्णत्वाला गेलेले प्रेम भीतीला बाहेर घालवते. दोन्ही वचने आपण मिस्सेत ऐकतो आणि दोन्हींना आमेन म्हणतो. शिवाय घरात आपण काय करतो? लेकराने जेवताना ताट ढकलले, खोटे बोलले, रोझरीच्या वेळी खोडी काढली की, देव शिक्षा करील, हे वाक्य आईबापांच्या ओठांवर तयार असते. देवाला आपण घरातला न दिसणारा पोलीस करून टाकतो. मग ते मूल मोठे होते. काही जण तो पोलीस कायमचा मनात बाळगतात, काही जण त्याच्याबरोबर देवालाही घराबाहेर काढतात.

आम्हाला वाटते, या प्रश्नाचे उत्तर व्याख्येत शोधण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्यात शोधलेले बरे. असा एक माणूस ख्रिस्तसभेत होऊन गेला. देवाच्या भयाने तो ऐन तारुण्यात मरणाच्या दारी पोहोचला, त्यातून बाहेर आला आणि पुढची पस्तीस वर्षे इतरांच्या मनातली तीच भीती काढत राहिला. त्याचे नाव संत फ्रान्सिस डी सेल्स. ख्रिस्तसभा २४ जानेवारीला त्यांचा सण साजरा करते. लेखक व पत्रकार त्यांना आपले आश्रयदाते मानतात. संत डॉन बॉस्को यांनी १८५९ साली आपल्या संघाला त्यांच्या नावावरून सेलेशियन हे नाव दिले, त्यामुळे माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेचे नाव ऐकलेल्या प्रत्येकाचा या संताशी दुरून का होईना संबंध आहे.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सवॉयमधील थोराँ या गावी सेल्स घराण्याच्या वाड्यात झाला. सवॉय हा आल्प्स पर्वताच्या कुशीतला तेव्हाचा स्वतंत्र प्रदेश. आज तो फ्रान्समध्ये आहे. जवळच जिनीव्हा शहर. हे शहर कॅल्विनच्या पंथाकडे गेले होते आणि तेथील कॅथलिक बिशपांना शहर सोडून आनसी येथे राहावे लागत होते. फ्रान्सिस हे घरातले थोरले. वडिलांची इच्छा एकच: मुलाने कायदा शिकावा, मोठ्या पदावर बसावे, चांगल्या घरची सून आणावी. त्यासाठी त्यांनी मुलाला पॅरिसला पाठवले. फ्रान्सिस यांनी येशूसंघीयांच्या क्लेरमाँ विद्यालयात शिकण्याचा हट्ट धरला. सरदाराच्या मुलाला शोभावे म्हणून ते घोडदौड, तलवारबाजी आणि नृत्य शिकले. आणि मनाला ओढ होती म्हणून ईशज्ञानाचे पाठही ऐकू लागले. १५८४ साली जिल्बेर जेनेब्रार हे विद्वान पॅरिसमध्ये गीतरत्नावर व्याख्याने देत होते. देव आणि मनुष्य यांची गोष्ट ही प्रेमाची गोष्ट आहे, हा विचार या तरुणाच्या मनात तेथेच रुजला.

पण त्याच पॅरिसमध्ये दुसराही एक विचार हवेत होता. देवाने जगाच्या आरंभापूर्वीच काही माणसे तारणासाठी आणि काही नाशासाठी नेमून ठेवली आहेत, अशी कॅल्विनची शिकवण होती. कॅथलिक विद्यापीठांतही संत ऑगस्टीन आणि संत थॉमस अॅक्वायनस यांच्या लिखाणाचा नेमका अर्थ काय, देवाची निवड आधी की माणसाची करणी आधी, यावर कडाक्याचे वाद झडत. वाद घालणाऱ्यांना त्यात बुद्धीची कसरत वाटत असेल. एकोणीस वर्षांच्या फ्रान्सिस यांनी मात्र तो प्रश्न घरी नेला आणि स्वतःला विचारला: मी कोणत्या यादीत आहे?

१५८६ च्या डिसेंबरात हा प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसला. आपण नाश पावणाऱ्यांपैकीच आहोत, असे त्यांच्या मनाने घेतले. झोप गेली, अन्न जाईना, अंग पिवळे पडले. सुमारे सहा आठवडे ही अवस्था होती. त्यांच्याबरोबर राहणारे गुरुजी हवालदिल झाले. मुलाला काय झाले ते त्यांना कळेना. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या मुलाला नरकातल्या अग्नीचे तेवढे भय वाटत नव्हते. त्याला छळत होती ती वेगळीच कल्पना: ज्या देवावर आपण इतके प्रेम करतो त्याच्यावर पुढे प्रेमच करता येणार नाही, जेथे त्याच्या नावाला शिव्याशाप दिले जातात तेथे आपल्याला अनंतकाळ राहावे लागेल. ज्याचे प्रेम नाही त्याला असे भय वाटूच शकत नाही. हे मात्र त्या वेळी त्यांना उमगत नव्हते. भयात बुडालेल्या माणसाला आपल्याच मनातले प्रेम दिसत नाही.

१५८७ च्या जानेवारीत एके दिवशी विद्यालयातून परतताना ते सेंट एतिएन दे ग्रे या चर्चमध्ये शिरले. तेथे एका छोट्या वेदीवर पवित्र मरियेची काळी मूर्ती होती. लोक तिला सुटकेची माता म्हणून ओळखत. तिच्यापुढे फ्रान्सिस गुडघे टेकून बसले आणि त्यांनी आपले सगळे दुःख देवापुढे मांडले. त्यांचे मागणे असे होते की, परलोकात माझे काय व्हायचे ते तुझ्या हाती. पण मला निदान या जन्मी तरी मनापासून तुझ्यावर प्रेम करू दे. मग तेथे फळीवर लिहिलेली मरियेची स्मरण-प्रार्थना त्यांनी म्हटली. उठले तेव्हा अंगावरून खपली गळून पडावी तशी ती भीती गळून पडली होती.

या प्रसंगाचा अर्थ आपण घाईने लावू नये. फ्रान्सिस यांना त्या दिवशी कोणतेही आश्वासन मिळाले नाही. आकाशवाणी झाली नाही, त्यांचे नाव तारणाच्या यादीत असल्याचा दाखला कोणी दिला नाही. प्रश्नाचे उत्तर न मिळताच प्रश्नाचा डंख गेला, कारण त्यांनी तो विचारणेच सोडले. माझे काय होईल, हा धोशा थांबला. आज मी देवावर प्रेम करतो आहे की नाही, एवढीच काळजी उरली. भय संपले म्हणावे तर ही काळजीही एका परीने भयच आहे. पण तिच्यामुळे कोणाची झोप उडत नाही, आणि पिवळेही पडायला होत नाही.

पुढे १५८८ साली वडिलांच्या सांगण्यावरून ते इटलीतील पादुआ येथे कायदा शिकायला गेले. तेथे तोच प्रश्न पुन्हा समोर आला, या वेळी पुस्तकांतून. त्यांनी ऑगस्टीन आणि थॉमस बारकाईने वाचले आणि शेवटी एका निर्णयाला आले. सर्व माणसांचे तारण व्हावे ही देवाची खरीखुरी इच्छा आहे. तो कोणालाही नाशासाठी घडवत नाही. ज्या गुरुजनांपुढे ते आदराने वाकत त्यांच्या नावाने चालत आलेले काही अर्थ त्यांनी यासाठी बाजूला ठेवले. विशी-पंचविशीतल्या विद्यार्थ्याला हे सोपे नव्हते.

पादुआतली एक गोष्ट आम्हाला विशेष आवडते. तेथे ते तापाने इतके आजारी पडले की, वैद्यांनी आशा सोडली. दफनाविषयी विचारले तेव्हा त्यांनी आपला देह वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चिरफाडीसाठी द्यावा, असे सांगितले. त्या काळी हे विद्यार्थी रात्री कबरी उकरून प्रेते पळवीत आणि त्यावरून मारामाऱ्या होत. आपल्या देहामुळे त्यातली एक तरी टळावी, एवढाच त्यांचा हेतू. चार वर्षांपूर्वी मरणानंतरच्या विचाराने हाच तरुण अन्नपाणी विसरला होता.

ते बरे झाले, कायद्याचे डॉक्टर होऊन घरी परतले आणि वडिलांनी बघून ठेवलेली मुलगी व सरकारी पद दोन्ही नाकारून १८ डिसेंबर १५९३ रोजी धर्मगुरू झाले. वडिलांना हे जड गेले. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस यांनी जिनीव्हा सरोवराच्या दक्षिणेकडील शाब्ले प्रदेशात जाण्याची तयारी दाखवली तेव्हा तर ते संतापलेच. हा प्रदेश साठ एक वर्षांपूर्वी कॅल्विनपंथीयांकडे गेला होता. तेथे कॅथलिक धर्मगुरूच्या जिवाला धोका होता. १४ सप्टेंबर १५९४ रोजी फ्रान्सिस आपला चुलतभाऊ लुई याच्यासह निघाले. रात्री अॅलिंजच्या किल्ल्यात मुक्काम, दिवसा पायी थोनाँ शहरात. थंडीत बोटे फुटत. लांडग्यांच्या भीतीने एक रात्र झाडावर स्वतःला बांधून घेऊन काढली, असेही सांगितले जाते. मारेकरी वाटेत टपून बसल्याचेही प्रसंग आले. त्यांचे प्रवचन ऐकायला कोणी येईना, कारण जाणाऱ्यावर पाळत असे. तेव्हा त्यांनी पत्रके लिहून ती दारांच्या फटीतून आत सरकवायला सुरुवात केली. पत्रकारांचे आश्रयदाते ते याच पत्रकांमुळे. आपण जे रविवारचे पत्रक हाती धरून आहोत तेही एका अर्थाने त्यांच्याच परंपरेतले.

चार वर्षांत बहुतेक प्रदेश कॅथलिक श्रद्धेकडे परतला. यात सवॉयच्या ड्यूकचा धाक आणि राजकारण यांचाही हात होता, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या काळात राजाचा धर्म आणि प्रजेचा धर्म यांची ताटातूट कोणालाच जमत नव्हती. पण फ्रान्सिस यांची स्वतःची रीत वेगळी होती. १५९७ साली त्यांनी जिनीव्हात जाऊन कॅल्विनचे वारस, वृद्ध थिओडोर बेझा यांची भेट घेतली आणि त्यांच्याशी अदबीने चर्चा केली. बेझा यांनी मत बदलले नाही. पोपमहोदयांच्या इच्छेवरून झालेली ती भेट जगाच्या दृष्टीने निष्फळच ठरली. तरीही ती व्हावी, आणि शिवीगाळ न होता व्हावी, हे सोळाव्या शतकात विशेष.

८ डिसेंबर १६०२ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते जिनीव्हाचे बिशप झाले. जिनीव्हात पाऊल ठेवता येत नव्हते, म्हणून मुक्काम आनसीला. (याच आनसीत १८३८ साली फादर पिएर मेरमिए यांनी संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापन केला. त्याचे धर्मगुरू १८४६ मध्ये विशाखापट्टणमला आले आणि तेथून नागपूरकडे सरकले. नागपूरचे कॅथेड्रल या संताच्या नावाचे आहे ते त्यामुळे.) डोंगराळ धर्मप्रांतातली गावे त्यांनी पायी आणि घोड्यावरून पालथी घातली. मुलांना धर्मशिक्षण ते स्वतः देत. मार्टिन नावाचा एक जन्मतः बहिरा-मुका तरुण त्यांना भेटला. त्याला शिकवणे अशक्य आहे, असे सगळ्यांनी धरून ठेवले होते. बिशपांनी त्याच्यासाठी हातवाऱ्यांची भाषा तयार केली, त्या भाषेत त्याला श्रद्धेचे पाठ दिले आणि ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले. आज बहिऱ्या बांधवांचे आश्रयदाते म्हणूनही ख्रिस्तसभा त्यांना ओळखते.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे खरे काम चालले ते पापनिवेदनाच्या खुर्चीत, आपल्याकडे ज्याला कुमसार म्हणतात तेथे. आपल्या धर्मप्रांतातील धर्मगुरूंसाठी त्यांनी पापनिवेदन ऐकण्याविषयी सूचना लिहिल्या. त्यांचे सार असे की, गुडघे टेकणारा माणूस आपल्याला फादर म्हणतो, तेव्हा आपल्याजवळ बापाचे काळीज हवे. तो अडाणी असो, गोंधळलेला असो, घाण पापे घेऊन आलेला असो. त्याला लाजवू नये, त्याच्यावर ओरडू नये. जो भीतीने पाप लपवत असेल त्याला धीर देऊन बोलते करावे. बिशप मवाळ आहेत, पाप्यांना फार सवलत देतात, अशी कुजबुज झाली. वास्तविक फ्रान्सिस हे स्वभावाने तापट होते. हा मऊपणा त्यांना जन्मतः मिळालेला नव्हता. त्यांनी तो वर्षानुवर्षे राग गिळून कमावला होता.

१६०४ च्या उपवासकाळात ते दिजाँ येथे प्रवचने देण्यास गेले. समोर बसणाऱ्यांत एक तरुण विधवा होती. तिचे नाव जेन फ्रान्सिस द शांताल. तीन वर्षांपूर्वी शिकारीत चुकून गोळी लागून तिचे पती गेले होते. पदरी चार मुले, सासऱ्यांचे कडक घर आणि मनात अंधार. मार्गदर्शनाच्या शोधात ती आधी एका धर्मगुरूकडे गेली होती. त्याने तिला प्रार्थना, उपवास आणि कठोर साधनांनी लादले होतेच; शिवाय तिच्याकडून चार नवस घेतले होते: त्याची आज्ञा पाळीन, मार्गदर्शक कधी बदलणार नाही, तो सांगेल ते गुप्त ठेवीन आणि आत्म्याविषयी दुसऱ्या कोणाशी बोलणार नाही. ही बाई नवस मोडण्याच्या भीतीने कोंडली गेली होती. फ्रान्सिस यांच्याशी बोलावे असे तिला वाटे आणि बोलले तर देवाचा अपराध होईल, असेही वाटे.

देवाच्या भयाच्या नावाखाली माणसाला कसे बांधून टाकता येते, याचे इतके स्पष्ट उदाहरण सहसा मिळत नाही. बांधणारा वाईट होता असे नाही. त्याला बहुधा हीच धार्मिकता वाटत असावी. फ्रान्सिस यांनी घाई केली नाही. त्यांनी काही महिने विचार व प्रार्थना केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेंट क्लोद या तीर्थस्थानी दोघांची भेट झाली आणि तेथे त्यांनी तिला सांगितले की, हे चारही नवस फक्त मनाची शांती नासवण्याच्या कामाचे आहेत. ती त्यांतून मोकळी आहे. नंतर पत्रातून त्यांनी तिला जी दिशा दिली तिचा आशय असा: बळजबरीने काही करू नये, सगळे प्रेमाने करावे, आज्ञा मोडण्याची भीती बाळगण्यापेक्षा आज्ञा पाळण्याची आवड अधिक असावी. आत्म्याचे मोकळेपण त्यांनी तिला देऊ केले. याचा अर्थ शिस्त सोडा, असा नव्हता. मुले लहान असताना मठात जाण्याची तिची घाई त्यांनीच थोपवून धरली. पुढे ६ जून १६१० रोजी दोघांनी आनसी येथे मरियेच्या भेटीचा संघ सुरू केला. आजारी, अशक्त, विधवा अशा ज्या स्त्रियांना इतर मठांतली कठोर तपश्चर्या झेपत नसे, त्यांनाही तेथे जागा होती.

दरम्यान १६०९ साली त्यांचे भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. सैनिक, कारागीर, गृहिणी, दरबारी, प्रत्येकाने आपापल्या धंद्यात आणि संसारात राहून पवित्र व्हावे, हे त्यात सोप्या भाषेत मांडले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली सर्वांनाच पावित्र्याचे पाचारण आहे, असे जाहीर केले. या बिशपांनी ते साडेतीनशे वर्षे आधी घराघरांत नेऊन ठेवले होते. १६१६ साली त्यांचा ईश्वरप्रेमावरचा मोठा ग्रंथ निघाला. त्याच्या अकराव्या भागात त्यांनी भयाचा विचार सविस्तर केला आहे. पॅरिसमधल्या त्या सहा आठवड्यांनंतर तीस वर्षांनी लिहिलेली ही पाने.

त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत असे सांगता येईल. भय एक नाही. गुलामाचे भय असते: मालक मारील म्हणून तो काम करतो, मालकाची पाठ वळली की थांबतो. चाकराचे भय असते: मजुरी बुडेल म्हणून तो झटतो. आणि लेकराचे भय असते. आईचा हात सुटू नये, आपल्यामुळे तिच्या डोळ्यांत पाणी येऊ नये, एवढेच लेकराला वाटते. पवित्र आत्मा जे वरदान देतो ते या शेवटच्या जातीचे. संत ऑगस्टीन यांनी हाच फरक दोन बायकांच्या उदाहरणाने समजावला होता. एक व्यभिचारी, एक पतिव्रता. दोघींना नवऱ्याचे भय आहे. पहिलीला भय, नवरा येईल. दुसरीला भय, तो निघून जाईल. संत योहान ज्या भयाला बाहेर काढतो ते पहिलीचे. आरंभी उल्लेख केलेल्या दोन वचनांचा मेळ येथे बसतो. पोप फ्रान्सिस यांनीही ११ जून २०१४ रोजीच्या आपल्या शिकवणीत या सातव्या वरदानाविषयी बोलताना स्पष्ट केले होते की, त्याचा अर्थ देवाला घाबरणे असा होत नाही. आपण बापापुढे लहान आहोत आणि त्याच्या हातात आहोत ही जाणीव म्हणजे ते वरदान.

तरी फ्रान्सिस यांनी गुलामाच्या भयाला अगदीच टाकून दिले नाही, आणि हे महत्त्वाचे आहे. नरक खोटा आहे, पाप किरकोळ आहे, असे ते कधी म्हणाले नाहीत. मोहाचे वादळ उठले आणि प्रेमाचा दिवा मिणमिणू लागला की, शिक्षेचे भयही माणसाला खड्ड्यात पडण्यापासून वाचवते; त्या वेळी त्याचाही आधार घ्यावा. ट्रेंट विश्वपरिषदेने १५५१ साली शिकवले होते की, शिक्षेच्या भीतीतून उपजलेला अपूर्ण पश्चात्तापही देवाची देणगीच आहे आणि तो माणसाला प्रायश्चित्त संस्कारासाठी तयार करतो. ऑगस्टीन यांनी भयाला सुईची उपमा दिली आहे: सुई आत शिरते म्हणून तिच्यामागून दोरा येतो, पण सुई कापडात तशीच ठेवून कोणी सदरा अंगात घालत नाही.

मात्र सुईच अंगात रुतवून ठेवणारी माणसे त्यांच्या ओळखीतच निघाली. १६१९ साली पॅरिसच्या मुक्कामात त्यांची मदर आंजेलिक आर्नो या तरुण मठप्रमुखाशी भेट झाली. पोर रोयाल मठात शिस्त आणणारी ही तेजस्वी, कडक स्त्री त्यांचा सल्ला घेऊ लागली. आपला मठ सोडून त्यांच्या भेटीच्या संघात यावे, असेही तिला वाटत होते. ते घडले नाही. फ्रान्सिस गेले, तिला दुसरे मार्गदर्शक मिळाले आणि पोर रोयाल हे जॅन्सेनपंथाचे केंद्र झाले. देवाचे भय म्हणजे त्याच्यापासून दूर उभे राहणे, असे तेथे मानले गेले. तिचे भाऊ आंत्वान आर्नो यांनी १६४३ साली वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्याविरुद्ध पुस्तक लिहिले. चांगल्या, निर्मळ धर्मभगिनी अपात्रतेच्या भीतीने महिनोन्महिने ख्रिस्तशरीराला स्पर्श करीनात. ही सावली युरोपच्या कॅथलिक मनावर फार काळ रेंगाळली. १९०५ साली पोप दहावे पायस यांनी योग्य तयारीने रोज ख्रिस्तप्रसाद घेण्यास उत्तेजन दिले, तेव्हा कोठे ती नीट हटू लागली. फ्रान्सिस आणखी दहा वर्षे जगते तर पोर रोयालचे काय झाले असते, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो.

पण ते थकले होते. पॅरिसच्या बिशपांचे सहायक व्हावे ही विनंती त्यांनी नाकारली आणि आपल्या गरीब डोंगरी धर्मप्रांतालाच धरून राहिले. १६२२ च्या हिवाळ्यात ड्यूकच्या लवाजम्याबरोबर त्यांना फ्रान्समध्ये जावे लागले. लियाँ शहरात मोठमोठ्या घरांची निमंत्रणे असताना ते भेटीच्या संघाच्या मठात माळ्याच्या खोपटात उतरले. २७ डिसेंबरला, संत योहानाच्या सणाच्या दिवशी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वैद्यांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे डोक्यावर तापलेले लोखंड टेकवले. त्यांनी ते मुकाट्याने सोसले. ख्रिस्तसभेला अजून आपली गरज आहे, अशी प्रार्थना करा, असे कोणी सुचवले तेव्हा आपण निरुपयोगी चाकर आहोत, एवढेच ते म्हणत राहिले. २८ डिसेंबरच्या रात्री, निष्पाप बालकांच्या सणादिवशी, त्यांनी प्राण सोडला. वय पंचावन्न. १६६५ साली ते संत म्हणून घोषित झाले, १८७७ साली ख्रिस्तसभेचे धर्मपंडित. त्यांच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली तेव्हा, २८ डिसेंबर २०२२ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यावर एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले.

पॅरिसचे ते चर्च फ्रेंच राज्यक्रांतीत गेले. काळी मूर्ती मात्र वाचली. ती आता पॅरिसला लागून असलेल्या न्यूयी येथे धर्मभगिनींच्या मठात आहे. आणि त्या सहा आठवड्यांची हकिकत आपल्यापर्यंत आली ती जेन शांताल यांच्यामुळे. फ्रान्सिस यांनी ती प्रवचनात कधी मिरवली नाही. जेन यांच्या मनात श्रद्धेविषयी शंका दाटून येत, देवाने आपल्याला टाकले आहे असे त्यांना वाटे. त्यांना धीर यावा म्हणून बिशपांनी एकदा आपलेही असेच झाले होते, असे सांगून सगळे बोलून दाखवले. जेन यांनी ते मनात जपले. १६२७ साली फ्रान्सिस यांना संत ठरवण्यासाठी चौकशी बसली, तेव्हा त्यांनी शपथेवर साक्ष देताना ते सांगितले, आणि लेखनिकाने ते उतरवून घेतले.